तोळ्याचा काटा

रमजानआधी अम्मीचे दागिने मोजले. निव्वळ सोनं असेल तर आमच्या हनफी मताप्रमाणे साडेसात तोळ्यांवर, म्हणजे 87.48 ग्रॅमवर, जकात लागते. स्वयंपाकघरातल्या काट्याने एकदा 87 दाखवले, एकदा 88. अम्मी म्हणाली, "87 च धर, बेटा."

लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसातली दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. आपला तोळाही 180 ग्रेनांचाच. त्यांचा काटा चुकला तर नेम चुकतो. आमचा चुकला तर गरिबाचा हक्क बुडतो. सोयीचा आकडा धरणं हेसुद्धा मापात मारणंच.

दादरच्या सराफाकडे मिलिग्रॅमच्या काट्यावर दागिने 87.620 भरले. अडीच टक्क्यांचा हिशोब मग अम्मीनेच मांडला.