नवी हार्ड डिस्क निवडताना

शाळेची जुनी हस्तलिखिते आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे स्कॅन करून ज्या संगणकात ठेवली आहेत, त्याची हार्ड डिस्क कुरकुरू लागली. तेव्हा नवी निवडण्याचे काम आम्हा दोघा-तिघांकडे आले. दुकानदार मिनिटाला ७२०० फेरे घेणारी वेगवान डिस्क सुचवत होता. पण आमच्या संगणकाची पेटी अरुंद, पंखा एकच, आणि त्यात इंदूरचा मे महिना! तबकडी वेगाने फिरली की उष्णताही वाढते. बऱ्याच डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. खोलीच ४० अंशांवर गेली, तर हाताशी उरतात अवघे २०.

फिरता भाग नसलेली एसएसडी सोयीची खरी, पण तेवढ्याच क्षमतेला बरीच महाग. म्हणून आम्ही ५४०० फेऱ्यांची डिस्क घेतली व पंख्यासमोरच्या खणात, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून बसवली. जपून ठेवायच्या पानांना घाई कसली?

तरीही निर्धास्त राहून चालणार नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बेताच्या तापमानातल्या डिस्कही बंद पडल्याचे दिसले होते. म्हणून या पानांची दुसरी प्रत शाळेबाहेर ठेवली आहे. पालकांनो, घरच्या छायाचित्रांचेही एवढे कराच!