तिरका उजेड

दोऱ्यावर समोरून उजेड टाकला की दोरा मरतो. भिंत उजळते, खोली उजळते, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो दोरा कुठे गेला ते कळत नाही. तोच दिवा बाजूला न्यावा, जमिनीलगत ठेवावा, त्याच्या तोंडाशी काळा पत्रा वाकवून बोटभर फट तेवढी मोकळी सोडावी आणि मागची भिंत अंधारात जाऊ द्यावी. मग दोरा दिसायला लागतो. आधी त्याची एक कड, मग पीळ, मग पिळातून सुटलेली बारीक तुसं. बरेच दोरे समांतर ताणलेले असले तर त्यांच्यावरून उजेडाचा एक आडवा पट्टा चमकतो. आपण पाऊल टाकलं की पट्टाही सरकतो. तो पट्टा कुठल्याच दोऱ्याच्या मालकीचा नसतो. दिवा, दोरा आणि आपला डोळा यांच्यातल्या कोनावर त्याची जागा ठरते, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो भलतीकडेच दिसतो. दोघं एकाच कामापुढे उभे असतात आणि दोघांपुढचं शिल्प वेगळं असतं. मला या कलेचं वेड लागलं ते यासाठी.

दोरा आणि उजेड यांची मांडणशिल्पं मी जतमध्ये राहून करते, हे ऐकलं की शहरातली माणसं थबकतात. जत म्हटल्यावर त्यांना टँकरच्या बातम्या आठवतात, नाहीतर सीमेवरच्या गावांचे ठराव. दोन्ही खरंच आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका पर्जन्यछायेतला. एकीकडे विजापूर, दुसरीकडे सांगोला-मंगळवेढा. पाणी मिळणार नसेल तर आम्हांला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव इथल्या सीमेलगतच्या गावांनी 2012 साली केले होते. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही, अशा गावात मी वाढले. पण या कामासाठी जतहून सोयीची जागा मला माहीत नाही. इथली हवा कोरडी, त्यामुळे एकदा ताणलेलं सूत महिनोन्‌महिने ताणलेलं राहतं. दमट मुलखात ते ओलीनं आखडतं, वाळलं की ढिलं पडतं. इथलं ऊन इतकं कडक की त्याला अडवायचं कसं हे पोरवयातच शिकावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे काटकसर. डाळिंबाच्या बागेला इथे पाट भरून पाणी कुणी सोडत नाही, ठिबकच्या नळीतून मुळाशी थेंब पडेल एवढंच देतात. दोऱ्याला उजेड मी तसाच देते. हाताशी हवे तेवढे दिवे असले की काम बहुधा दिव्यांचंच होऊन बसतं, दोरा बिचारा निमित्ताला उरतो.

माझी कामाची खोली म्हणजे आमचं जुनं माळवदी घर. दगडमातीच्या जाड भिंती, एकच बुटकं दार, आणि माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं वीतभर भोक. त्याला आम्ही साणं म्हणतो. त्यातून सकाळी कवडसा उतरतो आणि दुपारपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीकडे चालत जातो. आज्जी सुपानं ज्वारी पाखडायला बसली की तोच कवडसा भुशानं भरायचा, जाडजूड व्हायचा. पाखडणं थांबलं की पुन्हा बारीक. मोकळ्या हवेतून जाणारा उजेड दिसत नाही, त्याच्या वाटेत काही आडवं आलं तरच दिसतो, हे मला पुस्तकात वाचायच्या आधी तिथे दिसलं. माझं आजवरचं सगळं काम एका परीनं त्या भुशाच्या जागी दोरा बांधण्याचं आहे.

आणि आज्जीचं स्वतःचं काम? ती वाती वळायची. मांडीवर सरकी काढलेला कापूस, शेजारी चिमूटभर राख. राखेत बोटं टेकवायची, कापसाचा पुंजका चिमटीत धरून तळहातावर एकदाच पुढे लोटायचा, आणि तेवढ्यात वात तयार. फुलवात, लांब वात, त्रिपुरी पौर्णिमेसाठी 750 वाती. कार्तिकात गुड्डापूरच्या दानम्मादेवीला निघालेल्या शेजारणींच्या पिशवीत तिच्या वाती असायच्या. प्रत्येक वात ती अंगठा आणि तर्जनीमधून ओढून बघायची. काय बघतेस असं विचारलं तर म्हणायची, पीळ. पीळ घट्ट बसला तर तेल वर चढत नाही आणि ज्योत गुदमरते. सैल राहिला तर तेल भसाभस चढतं आणि वात काजळी धरते. तेल चढतं ते तंतूंच्या मधल्या बारीक पोकळ्यांतून, म्हणजे ज्योत केवढी होणार हे कापूस बोटांत असतानाच ठरलेलं असतं. दोऱ्यात आधी रिकामी जागा बांधायची आणि मग तिच्यातून उजेड काढायचा, असं हे काम. ते करणाऱ्या बाईला शिल्पकार म्हणायला माझी जीभ अजिबात अडखळत नाही.

सूत मी इचलकरंजीचं आणते. तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि पुढे सगळं गावच मागांच्या आवाजावर जगायला लागलं. मला लागतं ते बहुतेक 40 नंबरचं सूत. ते किलोभर घेतलं तर सुमारे 68 किलोमीटर लांब भरतं. जतहून निघालेला माणूस तेवढ्यात विजापूरच्या आसपास पोचतो. पिशवीत एवढा रस्ता घालून एस.टी.त बसायचं, याचं मला अजूनही नवल वाटतं. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र सुताला चकाकी आणणारं रसायन लावलेलं असतं. जांभळ्या अतिनील दिव्याखाली ते निळसर पेटतं आणि बघणारे हरखून जातात. मला ते फार स्वस्त वाटतं. बिनधुवट सूत पिवळसर, जरा मंद. त्याच्यावर उजेड थांबतो, घाई करत नाही.

काळ्या लोकरीशी मात्र खूप झगडावं लागलं. आमच्या तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीचं नाव सगळीकडे झालं आहे, उंच, बाकदार नाकाची. पण ती पाळतात मटणासाठी. घोंगड्याची लोकर दख्खनी मेंढीची. धनगरांनी कातरायची, पिंजून कातायची, आणि सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ चढवतात, कुंच्यानं एका दिशेनं ओढून. खळ वाळली की लोकरीचा धागा तारेगत कडक होतो, त्याची तुसं दबतात, आणि माझ्या दृष्टीनं तो निकामी होतो, कारण मला हवी असतात ती तुसंच. म्हणून मी लोकर खळीआधीची घेते. समोरून कितीही उजेड टाका, काळी लोकर तो पिऊन टाकते. बाजूनंही फारसं हाती लागत नाही. दिवा पाठीमागे ठेवावा लागतो, अगदी खाली. मग धागा काळाच राहतो पण त्याच्या दोन्ही कडांना तांबूस तुसं उजळतात. तो तांबूस रंग लोकरीत असतोच, एरवी दिसत नाही इतकंच. ज्यानं आयुष्यभर घोंगडं पांघरलं अशा एका धनगर आजोबांना मी हे दाखवलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे पहाटं दिसतंय की, मेंढरं उगवतीच्या अंगाला उभी असली म्हंजे." दख्खनी मेंढी मी तोवर नेहमी भर दुपारी पाहिली होती.

जगात दुसरीकडे हे काम कुणी केलं याचा शोध घेताना मला ब्राझीलच्या लिजिया पापे भेटल्या, अर्थात छायाचित्रांतून. अंधाऱ्या दालनात जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी धाग्यांचे चौकोनी झोत तिरपे ताणलेले, एकमेकांतून आरपार जाणारे. धागा कुठे संपतो आणि किरण कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. 2004 साली त्या गेल्या, पण दोरा आणि उजेड एका दमात उच्चारायचं धैर्य मला त्यांच्या या कामानं दिलं. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी. 1949 साली मुंबईत जन्मलेल्या, बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या. रंगवलेल्या दोऱ्यांना गाठीवर गाठ मारत त्यांनी माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. त्यांच्या 'यक्षी' या शिल्पाच्या घड्यांमध्ये अंधारच मुक्कामाला आलेला आहे. मोनिका कोरिया यांनी मागाची फणी मध्येच काढून टाकली आणि आयुष्यभर सरळ चालायची शिस्त लागलेले उभे धागे हवे तसे भटकू दिले. फणी काढायची! कुठल्याही विणकराला विचारा, काळजात धस्स होईल. शेजारच्या कर्नाटकातल्या शीला गौडा यांनी सुयांमधून ओवलेले दोरे कुंकवानं माखून त्यांचा लाल दोर केला, आणि त्याच्या टोकाला सगळ्या सुया लोंबत ठेवल्या. रीना सैनी कल्लाट यांनी विजेच्या तारा विणून जगाचा नकाशा केला, त्यात स्थलांतराच्या वाटा. तो 2016 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागला होता. त्याचा फोटो बघताना माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीच्या सुमाराला जतमधून ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर होते.

यांच्यापैकी बहुतेकांनी दालनात काम केलं. मला गेले काही दिवस उन्हात करायचं आहे, आणि उन्हानं माझी गणितं पार बदलून टाकली आहेत. दिवा लहान असला तर दोऱ्याची सावली लांबवर काटेकोर पडते. सूर्याचं तसं नाही. तो आकाशात अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या सुमारे 108 पटींपर्यंतच टिकते. त्यापलीकडे दोन्ही बाजूंनी ऊन आत शिरतं आणि सावली विरत जाते. एक मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याची सावली अकराएक सेंटिमीटरवर संपली. गवंड्याचा ओळंबा अंगणात टांगून बघा: फरशीवर त्याच्या दोरीची सावली लोलकापाशी गडद असते, आणि वर वर जावं तशी फिकट होत नाहीशी होते, जरी दोरी छपरापर्यंत गेलेली असली तरी.

जत साधारण 17 अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, दुपारी साडेबाराच्या आसपास, सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टात ढग असतात, तेव्हा खरा भरवसा मे महिन्याचाच. त्या घडीला ओळंब्याच्या दोरीची सावली लोलकाखाली जाते आणि लोलकाची सावली त्याच्याच पोटाखाली. हे मला एका विहिरीत करायचं आहे. विहीर दगडी, चौकोनी, पस्तीस फूट खोल, वीस फूट रुंद, कोरडी. एका अंगाला मोटेची धाव अजून शाबूत आहे. डिसेंबरात तिच्या तळाला ऊन पोचतच नाही. मे महिन्यात दुपारी तळ लख्ख होतो. तोंडावर सूत बांधून उपयोग नाही, त्याची सावली वाटेतच विरेल. म्हणून सूत तळापासून जेमतेम बोटभर उंचीवर, त्याच्या वर सुतळी, आणि त्याच्याही वर, नऊ फुटांच्या आत, मोटेचा जुना नाडा. नाडा इंचभर जाड, त्याची सावली तेवढी उतरते. ऊन तळाला पोचलं की सगळ्यांच्या सावल्या पश्चिमेच्या अंगाला वेगवेगळ्या पडतील, ऊन चढेल तशा जवळ सरकतील, आणि साडेबाराला प्रत्येक सावली आपापल्या दोऱ्याच्या बरोबर खाली येईल. मग पुन्हा पांगायला लागतील. दिव्याचं बटण नाही, वीजबिल नाही. उजेड आपल्या पाळीनं येईल आणि पाळीनं जाईल.

विहीर शेजारच्या तात्यांची. त्यांनी परवानगी लगेच दिली, पण खुंट्या ठोकायला खाली उतरलो तेव्हा काठावर उकिडवे बसून ते बराच वेळ विचार करत होते.

"म्हैसाळ योजनेचं पाणी इकडं आलं म्हंजे गं?" त्यांनी वरून विचारलं. "पाझर लागंल हिला. मग तुझं समदं बुडंल."

"बुडू दे की तात्या. दोरा काढायला मला अर्धा दिवस पुरे. खुंट्या तेवढ्या दगडात राहू द्या, मोटार सोडताना दोर बांधायला होतील."

तात्या पायऱ्या उतरून खाली आले. एक खुंटी धरून त्यांनी हलवून बघितली, वर मान करून धावेच्या बाजूची भिंत नजरेनं मापली, आणि त्या अंगाला आणखी दोन खुंट्या मारून घ्यायला सांगितल्या.