कार्ड पेटीतच राहिलं

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात मुसलमानांची घरंही आहेत. माझी चुलत बहीण त्यांपैकीच.

तीन वर्षांपूर्वी ती पाचव्या महिन्यात सांगलीकडे गेली. वय 19, पहिलीच खेप. आशाताईंनी दिलेलं माता-बाल कार्ड घरच्या पेटीतच राहिलं. सातव्या महिन्यात चेहरा सुजला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. चाची फोनवर म्हणाली, नजर लागली, दम केलेलं पाणी पाज. मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, उन्हाचा त्रास असेल. दोन दिवसांनी फडातच तिला झटके आले. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

प्रीएक्लॅम्पसिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो, बहुधा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. पहिली खेप, जुळं, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका जास्त. आजार 34 आठवड्यांच्या आत सुरू झाला आणि उशिरा सापडला, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. पण नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या बायका फडात असतात, आणि एक दिवस चुकला की खाडा धरला जातो.

आता ती पुन्हा गरोदर आहे. आधी हा आजार होऊन गेलेला असणं, हाच सर्वांत मोठा धोक्यांपैकी एक. डॉक्टरांनी 16 आठवड्यांच्या आतच कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली, वरचेवर तपासणीला बोलावलं. उचल मात्र पूर्ण कोयत्याची घेऊन झाली होती. आम्ही भावंडांनी पैसे जमवून निम्मी उचल परत केली. यंदा तिचा नवरा एकटाच, अर्धा कोयता म्हणून जाईल. ती माझ्या घरी राहील.

चाची अजूनही पाणी दम करून पाठवते. बहीण ते पिते, मग आम्ही रिक्षा करून तपासणीला जातो.

तुमच्या घरातली कोणी यंदा अशा अवस्थेत निघाली असेल, तर आधी थांबवता येतं का बघा. नाहीच जमलं, तर कार्ड तिच्या पिशवीत ठेवा. आणि ती फोनवर डोकं दुखतंय म्हणाली, तर उन्हाचं नाव घेऊ नका.