धडधाकट कोणाला म्हणायचं?

पुण्यात माझ्या वयाच्या आयटीवाल्यांमध्ये सध्या पोटॅशियमच्या गोळ्या-पावडरींची चलती आहे. मिठबावला आमच्याकडे ते काम शहाळं करतं. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांमध्ये जेमतेम ९९. मग पिढ्यान्‌पिढ्या शहाळी पिणाऱ्यांनी गोळीला का घाबरावं?

निरोगी माणसाने एका गोळीला घाबरायचं कारण नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन ग्रॅम पोटॅशियम लागतं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं; रक्तात लिटरमागे फक्त साडेतीन ते पाच मिलिमोल. जेवणातून जास्तीचं आलं की इन्सुलिन ते तात्पुरतं पेशींत ढकलतं आणि पुढच्या काही तासांत किडनी लघवीवाटे बाहेर काढते. आमच्या भाषेत पेशी म्हणजे बफर.

पण बफरलाही मर्यादा असते. उन्हात टेनिस खेळताना एका दिवसात नारळपाण्याच्या आठ बाटल्या, म्हणजे अडीच लिटरच्या वर, प्यायलेल्या माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढल्याची नोंद अमेरिकी डॉक्टरांनी २०१४ साली केली आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे किडनी बरीच बिघडेपर्यंत काही जाणवत नाही. पोटॅशियम वाढलेलंही अनेकदा कळत नाही, आणि कळतं तेव्हा थेट हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या नेहमीच्या गोळ्याही पोटॅशियम बाहेर टाकणं कमी करतात.

बाबांना यातलीच एक गोळी चालू आहे. कोणीतरी त्यांना कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे, पण गरोदर बायका, मुलं आणि किडनीचा त्रास असलेल्यांना वगळून.

बाबांना म्हटलं, आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, "माका काय धाड भरलीहा?"

आमच्याकडे धडधाकट असल्याचा पुरावा एवढाच असतो. बाबांचं क्रिएटिनिन आजवर कोणी मोजलेलं नाही. सोमवारी रक्त द्यायला जायचं कबूल करून घेतलंय. तोवर आईने ती पुडी फडताळात वर ठेवली आहे.