रपट्यावरचा गोटा

आमच्या नाल्यावर पूल नव्हता, रपटा होता. त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक काळा गोटा. चिचगडच्या शाळेत जायला निघाले की मोठी आई दारातून ओरडायची, "गोटा दिसते तवर जाय. बुडला का मागं फिर."

झडी लागली की मी तासन्‌तास तो गोटा बघत बसे. मातकट पाणी त्याला दोन्हीकडून वळसा घालायचं, मग माथ्यावर फेसाची एक रेघ उठायची, आणि ती रेघही गेली की सगळं सपाट. रोवणीला गेलेल्या बाया पलीकडेच अडकायच्या. एकदा तापानं फणफणलेल्या धाकट्या भावाला घेऊन आम्ही अख्खी रात्र अलीकडे काढली. तो वाचला. पण त्या रात्रीचा पाण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढे नागपूरला स्थापत्य शिकायला गेले. पूल बांधायचा तर आधी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी काढायची, आणि नोंदी नसतील तिथे गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं, असं सरांनी शिकवलं. मला वहीत गोटा दिसला.

त्याच वर्षी शकुंतला भगत हे नाव कळलं. जन्म १९३३चा. वडील एस. बी. जोशी, नामांकित पूल अभियंते. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. ती घेणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या महिलांपैकी त्या एक. पुढे आयआयटी मुंबईत शिकवलं आणि १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी काढली. पण मला त्यांच्या पदव्यांपेक्षा स्पीतीच जवळची वाटते. १९७२ साली हिमाचलातल्या त्या खोऱ्यात त्यांचे पहिले दोन छोटे पूल उभे राहिले, चार महिन्यांत. जिथे बर्फ वर्षातले थोडेच महिने मोकळे सोडतं, तिथे! पोलादाचे ठराविक मापांचे सुटे भाग कारखान्यात तयार करायचे, जागेवर नेऊन जोडायचे. दरी रुंद असेल तर तेच भाग जास्त लावायचे. १९७८पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत असे ६९ पूल झाले.

पूल मोठा असला की त्याचं कौतुक होतंच. शकुंतलाबाईंनी मात्र लहान पुलासाठी आयुष्य वेचलं. अवजड यंत्रं जिथे पोचणारच नाहीत, तिथल्या माणसाला काय बांधून देता येईल, हा प्रश्न त्यांनी आपला मानला. २०१२ मध्ये त्या गेल्या. मी त्यांना कधी भेटले नाही, पण जंगलातल्या नाल्याकाठी उभी असले की त्यांची आठवण निघतेच.

ऑफिसात माझा जीव रमत नाही. आमच्या चिचगडच्या डोंगरांतून बाघ नदी निघते, तिला मिळणारे नाले मी पायी हिंडले आहे. उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून बाया घरी परतायच्या वेळी, कोरड्या पात्रात उतरायचं, टेप लावायची, काठाची माती मुठीत दाबून बघायची. यासारखं सुख नाही.

गेल्या चैत्रात अशाच एका नाल्यावर एका म्हातारीला विचारलं, "आजी, पाणी कुठवर येते?" ती काही बोलली नाही. टोपली खाली ठेवली, काठावरच्या ऐनाकडे गेली आणि टाचा उंचावून खोडावर तळवा टेकवला. तिथल्या सालीच्या भेगेत वाळलेला गाळ होता, आणि त्यात अडकलेली धानाची काडी.

मी टेप तिच्या बोटांपाशी धरली.