पाया बदलून पाहताना

संख्येच्या अंगचा गुण वेगळा आणि ती लिहिण्याच्या रीतीतून आलेला गुण वेगळा. गणित शिकवताना मला हा भेद फार मोलाचा वाटतो. अंकांची बेरीज करून ९ ची विभाज्यता तपासणं मुलांना पाठ असतं. पण हा मान ९ ला मिळाला तो आपण दहाच्या पायात, म्हणजे जागांच्या किमती दहापटीने चढवत, लिहितो म्हणून. आठच्या पायात लिहा, तोच मान ७ कडे जातो. तेरा मात्र कुठल्याही पायात लिहा, मूळ संख्याच राहते.

हा भेद दाखवायला मी समतोल त्रिमान पद्धती घेतो. तिच्यात जागांच्या किमती १, ३, ९, २७ अशा तिपटीने चढतात आणि चिन्हं तीनच: +, ० आणि −. पाच किलो माल जोखायचा आहे आणि १, ३, ९, २७ किलोची एकेकच वजनं आहेत. मालाच्या पारड्यात १ आणि ३, समोर ९. समोरच्या वजनाला +, मालाकडच्याला −, न वापरलेल्याला ०, मोठी जागा आधी. म्हणून पाच लिहायचे + − −. या चार वजनांत ४० किलोपर्यंतचं प्रत्येक पूर्ण वजन होतं. उणे पाच हवे असतील तर चिन्हं उलटवा: − + +. १९५८ साली मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह यांच्या गटाने 'सेतुन' हा संगणक याच पद्धतीवर बांधला.

वर्गात मी मुलांना १ ते २० या संख्या अशा लिहायला लावतो आणि विचारतो, यातल्या सम कोणत्या? सगळ्यांची नजर सवयीने एककाच्या जागी जाते. तिथे काहीच हाती लागत नाही, कारण + − − म्हणजे ५ आणि + ० − म्हणजे ८, दोन्हींच्या शेवटी उणेच. मग कुणीतरी शून्य सोडून उरलेली चिन्हं मोजतं. ती सम असली की संख्या सम, विषम असली की विषम. कारण सोपं आहे: १, ३, ९, २७ सगळ्या विषमच; त्या मिळवा किंवा वजा करा, किती वेळा केलं एवढंच उरतं. समपणा संख्येचाच होता, ओळखायची खूण तेवढी बदलली.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर चार अंकी संख्यांवरच्या त्यांच्या रीतीत शेवटी येणाऱ्या ६१७४ साठी ओळखले जातात. त्यांची रीत तीन अंकी संख्येला लावून पाहा. अंक सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहिलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी ४९५ येतो. आठच्या पायात ४९५ दिसत नाही, ३७४ येतो. पण दोन्ही शेजारी ठेवा: मधला अंक त्या पायातला सर्वांत मोठा, कडेच्या दोघांची बेरीज मधल्याइतकी, आणि शेवटचा अंक पायाच्या निम्मा. नऊचे निम्मे पूर्णांकात होत नाहीत, म्हणून नऊच्या पायात ही रीत एका संख्येवर थांबत नाही. ३८५ आणि ४८४ यांच्यात फिरत राहते. ४९५ चं खरं रूप दहाच्या पायात राहून मला कधीच दिसलं नसतं.

म्हणून शिक्षकांना आणि संख्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: संख्येचा एखादा चमत्कार ऐकलात, की तो आधी दुसऱ्या पायात लिहून पाहा. टिकला तर तो संख्येचा गुण आहे. बदलला तर कसा बदलला ते शोधा, खरा नियम तिथेच सापडतो.