मागच्या फळीवरचा तागा

आमच्या कापडाच्या दुकानावर पाटी आहे. पण ती वाचून आत आलेले गिऱ्हाईक लहानपणी मी कधी पाहिले नाही. मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजोबांनी हे दुकान दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घातले. पुढे दुकान, मागे माजघर आणि मध्ये एकच दार. दुकान कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे आम्हा भावंडांना कधी नीटसे कळलेच नाही. भाताच्या पेजेचा वास आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास हे दोन निराळे वास आहेत, हा शोध मला कोल्हापूरला शिकायला गेल्यावर लागला!

आजोबांच्या काळी माल मुंबईहून येई. मूळजी जेठा मार्केटातल्या पेढीला पत्र जायचे आणि मग आगबोटीतून गाठी यायच्या. बोट काही किनाऱ्याला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राही आणि तिथून माणसे व माल पडावातून उतरे. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून गणपतीचा माल वैशाखातच भरून ठेवायचा आणि पुढचे चार महिने तो जिवापाड जपायचा. खाऱ्या, दमट हवेत कापडावर भुरी धरते, घड्यांवर पिवळे पट्टे उमटतात. श्रावणात जरा उघडीप पडली की आजी तागेच्या तागे अंगणात पसरी आणि स्वतः राखणीला बसे. धंद्यात तोटा कशाने येतो, याची कारणे अर्थशास्त्राचे प्राध्यापक काय सांगायची ती सांगोत. आजी एकच कारण सांगे – पाऊस.

दुसरे कारण उधारी. पण ते तिने कधी उच्चारले नाही, कारण उधारीवरच दुकान चालत होते. आमचे गिऱ्हाईक मुख्यतः मासेमारी करणारे. रापणीला मासळी लागली की हाती पैसा, पावसाळ्यात काही नाही. त्यामुळे लुगडे आषाढात न्यायचे आणि पैसे मार्गशीर्षात द्यायचे, हा रिवाज. लुगडे निवडणारी बाई रंग मागाहून पाही. आधी ती पदर मुठीत चुरगाळी आणि विचारी, "शेटानू, खाऱ्या पाण्यात टिकतला मा?" आजोबा खरे ते सांगत. नाही टिकणार, तर नाही. त्यांच्या वह्या मोडीत आहेत. मी मराठीचा एम. ए., मोडी शिकलेला; तरी त्यांचे अक्षर मला धड लागत नाही. माझे सहावीपर्यंत शिकलेले बाबा मात्र ते घडाघडा वाचत.

युद्धात कापडाचा दुष्काळ पडला. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि दुकानात मोजूनमापून माल येऊ लागला. जिवंत माणसाला अंगभर मिळेना, तिथे मेलेल्याला कोण देणार? आजी सांगे, त्या दिवसांत एका रात्री एक म्हातारा आला. घरी मुलगा गेला होता आणि त्याच्यावर घालायला कोरे कापड नव्हते. आजोबांनी आतून पांढऱ्या मांजरपाटाचा तागा काढला आणि दिले. त्यानंतर त्यांनी एक तागा मागच्या फळीवर कायमचा बाजूला ठेवला. तो विक्रीचा नव्हे. त्यासाठी मध्यरात्रीही मागचे दार वाजवावे. भाव विचारायचा नाही, सांगायचा नाही. दिवस-वार झाल्यावर कोणी येऊन गल्ल्याशेजारी काही ठेवी, कोणी ठेवीत नसे. वहीत त्याची नोंद नाही. मी भाषेचा माणूस. कागदावर नाही ते झालेच नाही, असे मानण्याची आम्हाला वाईट खोड असते. आमच्या दुकानाचा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना इतिहास मात्र असा बिननोंदीचा आहे.

बाबांच्या काळात वार जाऊन मीटर आला, टेरिलिन आले, आगबोट गेली आणि एस. टी.च्या टपावरून गाठी येऊ लागल्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी पाळण्यात होतो. पण त्या वर्षीच्या गणपतीची गोष्ट बाबांनी इतक्या वेळा सांगितली की, ती मी पाहिल्यासारखी वाटते. एरवी चाकरमानी येत ते खिसा भरून; त्या वर्षी ते रिकाम्या हातांनी आले. कापड विणणारी माणसे आमच्याकडे कापड उधार मागत होती. बाबांनी दिले. त्या वहीतली बरीच खाती आजही उघडी आहेत. नावे वाचली तर त्यांतली काही माणसे आता फळीवरच्या त्या तागाचीही देणेकरी आहेत.

आता गादीवर दादा आहे. खरे तर गादी नाहीच. काचेचा काउंटर आहे. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण धावू लागली आणि तारकर्लीला माणसे लोटू लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा वहीच्या जागी संगणक आला. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कौले उडाली आणि होता नव्हता तो जुना माल भिजला. त्यानंतर दादाने लुगडी, धोतरे भरणे सोडले. आज दुकानात तुम्हाला मासोळ्या छापलेले टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या आणि गवती टोप्या दिसतील. मला ते फार लागले. गेल्या दिवाळीत मी तसे बोलूनही दाखवले. आजोबांचे दुकान, बाबांची पुण्याई वगैरे वर्गात बोलतो तसा पाऊण तास बोललो. दादाने टी-शर्टाच्या घड्या घालत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझ्या अंगावरचो शर्ट खंयचो?"

शर्ट पार्सलने आला होता. मुलाचे कपडे, बायकोची साडी, सगळे तसेच. कापडवाल्याच्या मुलाने पंधरा वर्षांत आपल्या दुकानातून एक रुमालसुद्धा विकत घेतलेला नव्हता. मी गप्प बसलो.

त्याच संध्याकाळी एक पाहुण्या बाई टोपी घ्यायला आल्या आणि त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. पांढरे सुती कापड हवे होते, उशांच्या अभ्र्यांना. म्हणतील ती किंमत द्यायला तयार होत्या. दादा म्हणाला, "ते विकायचे नाही." बाई थोड्या रागावूनच गेल्या. तागा तिथे आहे हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

रात्री दोनच्या सुमारास मागचे दार वाजले. दादा कोण म्हणून न विचारता उठला. अंगणात दोन माणसे उभी होती. त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, आणखी काही नाही. दादाने तागा काउंटरवर उलगडला. कागदी पिशव्या बाजूला सारल्या आणि मला म्हणाला, "धर रे." मी टोक धरले. कात्रीने जरासे कातरून त्याने दोन्ही हातांनी कापड फाडले. तो आवाज मी लहानपणी अंथरुणात पडून ऐकत असे. माणसे गेली. दादाने पाय धुतले, उरलेल्या कापडाची घडी घातली आणि हाताने अंदाज घेतला.

"सरत इलो," तो म्हणाला. "इचलकरंजी तुका जवळ. येताना एक तागो घेवन ये."

पुढच्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी इचलकरंजीला गेलो. पेढीवरच्या माणसाने तागा बांधता बांधता विचारले, एवढे मांजरपाट घरात कशाला लागते?

"दुकानात लागते," मी म्हणालो.